वाचक विचारतात : पत्र्याचं पान, तारेचा देठ

मागच्या अंकात क्लोद लालान या फ्रेंच शिल्पकर्तीवर एक टिपण होतं. २०१९ साली वारलेल्या या बाई खरी पानं आणि डहाळ्या तांब्याच्या द्रावणात बुडवून विजेच्या मदतीने त्यांवर धातूचा थर चढवायच्या. त्या तुकड्यांतून आरसे, बाकं, दागिने उभे राहायचे. कोंबडीच्या पायांवर चालणारा त्यांचा धातूचा कोबी तर फारच प्रसिद्ध. टिपणानंतर आलेली पत्रं बाईंबद्दल कमी आणि ‘आम्हीही करून पाहिलं, पण बिघडलं’ अशी जास्त. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : तांब्या-पितळेची पानं करायला सुरुवात करायची आहे. पत्रा किती जाडीचा घ्यावा? घरी वेल्डिंगचं मशीन नाही. (पुणे)

उत्तर : वेल्डिंगचं मशीन लागतच नाही. एक गॅस टॉर्च, पत्रा कापायची कात्री, दोन कानशी, एक गुळगुळीत तोंडाची छोटी हातोडी आणि दोन-तीन बोथट पोगर (पत्र्यावर ठोकून रेघ उठवायची छिन्नीसारखी अवजारं) एवढ्यावर पहिली पन्नास पानं होतील. पोगर विकत आणू नका. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरची धार घासून गोल केली की शिरा उठवायचं उत्तम अवजार तयार होतं.

पत्रा तांब्याचाच घ्या. पितळ दिसायला सोनेरी, पण हाताला हट्टी. तळहाताएवढ्या पानाला ३० गेज, म्हणजे साधारण ०.३ मि.मी. पुरतो. एक चौरस फुटाचं वजन सुमारे २६० ग्रॅम भरतं, आणि पत्रा वजनावर मिळत असल्याने हा आकडा लक्षात असलेला बरा. नीट मांडणी केली तर तेवढ्यात पिंपळाची पाच-सहा पानं बसतात. केळीसारखं किंवा कर्दळीसारखं फूटभर लांब पान करायचं तर २४ गेज (०.५६ मि.मी., चौरस फुटाला साधारण ४६५ ग्रॅम). त्याहून पातळ पानाला फुंकर मारली तरी पोक येतो. एक सावधगिरी : आपल्याकडचा गेज ब्रिटिश मापाचा असतो. अमेरिकन व्हिडिओतला ३० गेज ०.२५ मि.मी. निघतो. दुकानात मि.मी.मध्येच बोला.

आता पान. खरं पान पत्र्यावर ठेवून बाह्यरेषा काढा आणि रेषेबाहेर मिलिमीटरभर सोडून कापा. पिंपळाची शेपटी पानासोबतच कापायची, नंतर जोडायची नाही. देठाच्या जागी ८ मि.मी. रुंद आणि १५ मि.मी. लांब अशी जीभ ठेवा, पुढे तिचं फार काम आहे. कडा कानशीने मारून घ्या, कारण कात्रीने ठेवलेला बारीकसा दाताही पुढे चिरेचं मूळ होतो. मग पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवा (यालाच ताव देणं म्हणतात), पाण्यात टाका, आणि अर्धा लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून त्यात काळपट थर सुटेपर्यंत ठेवा. चिंचेच्या कोळानेही निघतो, वेळ लागतो इतकंच.

शिरा उठवताना बहुतेकांची गल्लत होते. खरं पान हातात घेऊन पाहा : वरच्या बाजूने शिर खोल गेलेली असते आणि खालच्या बाजूने वर आलेली. म्हणून पोगर वरच्या बाजूने चालवायचा. पत्र्याखाली जुन्या स्लीपरचा तळ ठेवा. त्याचं रबर पोगराला हवं तेवढंच खचतं. आधी मधली शिर देठाकडून टोकाकडे, मग बाजूच्या शिरा मधल्या शिरेपासून बाहेर, आणि कडेच्या ३-४ मि.मी. आधी ठोका हलका करत विरवून टाकायच्या. कडेपर्यंत ठासून नेलेली शिर पानाला चाळणीचा तुकडा बनवते. एवढं होईतो पान वाकडंतिकडं होईल. ते होणारच. पुन्हा ताव द्या आणि मग बोटांनी आकार द्या : मधल्या शिरेवर किंचित घडी, लांबीत हलकी कमान.

आंब्याच्या पानाची कडेची लाट पक्कडीने पिळून आणू नका, पकडीचे दात उमटतात. ऐरणीवर कड ठेवून नुसत्या कडेवर हातोडीचे हलके ठोके द्या. कड पातळ होऊन लांबते, मधला भाग तेवढाच राहतो, आणि जास्तीची लांबी आपोआप लाटेत जाते. खऱ्या पानातही कड मध्यापेक्षा जास्त वाढते म्हणूनच लाट येते.

तुम्ही पुण्यातलेच आहात, तर कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवरचं ठोक्यांचं काम, पाहा. शेजारी शेजारी एकसारखे ठोके पडत गेले की पत्रा कसा कडक होतो, ते तिथे डोळ्यांनी आणि कानांनीही कळतं, कारण ठोक्याचा आवाज बदलत जातो. पानावर मात्र मठार उमटू देऊ नका. पानाचा हंडा होतो.

प्रश्न : शिरा उठवताना पान कडेला चिरतं. पत्रा खराब आहे का? (सातारा)

उत्तर : पत्रा बहुधा चांगलाच आहे, ताव कमी पडतोय. थंड धातूवर ठोके बसले की आतले कण ताणले जाऊन एकमेकांत अडकतात आणि धातू कडक होत जातो. आणखी ठोकलं की तो वाकण्याऐवजी तुटतो. खूण सोपी आहे. पत्रा पोगराला ‘उलट मारू’ लागला, ठोक्याचा आवाज बोद न राहता टणटणीत झाला, की थांबा आणि तापवा. एका पानाला तीन ताव लागणं अगदी नेहमीचं. ताव उन्हात देऊ नका. मंद लाल रंग उन्हात दिसत नाही, माणूस तापवत राहतो, आणि जास्त तापलेल्या तांब्याचे कण मोठे होऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो.

तांबं लाल असतानाच पाण्यात टाकलं तरी चालतं. पितळ तसं टाकू नका. लाली जाऊन काळं पडू द्या, मग पाणी. चीर पडलीच असेल तर तिच्या टोकाशी गोल कानशीने छोटी खाच करा. चीर तिथेच थांबते, आणि किडीने खाल्लेलं पान कुणालाही खोटं वाटत नाही.

प्रश्न : एका फांदीवर आठ पानं झाळायची होती. सातवं लावताना तिसरं गळून पडलं. जी राहिली तीही काडीला चिकटवल्यासारखी दिसतात. (कोल्हापूर)

उत्तर : धातूचं पान तुटतं देठाशी आणि खोटं दिसतं तेही देठाशी. दोन्ही तक्रारींची जागा एकच आहे.

आधी गळतीचं बघू. तांब्यातून उष्णता झरझर पळते. सातव्या डागाला (म्हणजे झाळलेल्या जोडाला) दिलेली आच तिसऱ्यापर्यंत पोचणारच. म्हणून सगळे डाग एकाच रॉडने (वितळून जोड धरणाऱ्या धातूच्या काडीने) देऊ नका, उतरत्या तापमानाने द्या. पान आणि देठ यांचा पहिला जोड तांबं-फॉस्फरसच्या रॉडने : फ्रिज-एसीचे मेकॅनिक वापरतात तीच, साधारण ७ टक्के फॉस्फरसची, ८०० अंशांच्या थोडी अलीकडे पाण्यासारखी पळणारी. तांब्याला तांबं जोडताना तिला फ्लक्स (तापताना जोडाची जागा स्वच्छ ठेवणारा लेप) लागत नाही. पितळ असेल तर लागतो. लोखंडाला ही रॉड कधीच लावू नका, जोड ठिसूळ होऊन टिचकीने सुटतो. देठ फांदीला जोडताना ४५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली रॉड घ्या. ती सुमारे ६८० अंशांना वाहते. तिला फ्लक्स हवा. टाकणखार पाण्यात कालवून लावला तरी काम भागतं. अगदी शेवटचे, आच सोसणार नाहीत असे जोड कथिल-शिशाच्या साध्या सोल्डरने, १९० अंशांच्या आसपास. मात्र साधं सोल्डर एकदा लागलं की त्या भागावर पुन्हा टॉर्च नको. शिसं-कथिल तापून तांब्यात मुरतं आणि पत्र्याला खड्डे पाडतं.

दुसरा उपाय स्वयंपाकघरातला. जो डाग वाचवायचा आहे त्या जागी कच्च्या बटाट्याची फोड खोचा. बटाट्यातलं पाणी उकळून संपेपर्यंत तो जोड शंभराच्या फार वर जात नाही. ओला चिंधा किंवा ओली माती हेही चालतं, पण बटाटा जागा सोडत नाही.

आणि आच नेहमी जाड भागावर. पान ०.३ मि.मी.चं, फांदी ४ मि.मी.ची. ज्योत पानावर धरली तर ते क्षणात लाल होतं, फांदी थंडच राहते, आणि रॉड गरम बाजूकडे पळते, म्हणजे पानावर गोळा होऊन बसते. जोडातली फट कागदाएवढीच असू द्या. डाग फट भरत नाही, फटीत शिरतो. यासाठीच ती जीभ ठेवायला सांगितली : देठाच्या तारेभोवती ती गुंडाळून घट्ट दाबा, आणि फांदीत १.२ मि.मी.चं भोक पाडून तेवढ्याच तारेचं टोक आत घाला. डाग लागला नाही तरी पान जागेवर राहिलं पाहिजे, इतका जोड आधीच पक्का हवा.

आता दिसण्याचं. झाडावर देठ फांदीला नुसता टेकत नाही. बुडाशी तो किंचित फुगतो, आणि त्याच्या व फांदीच्या बेचक्यात कळीचा बारीक डोळा असतो. तारेचं बुड हातोडीने जरा चपटं करा. तांब्याच्या तारेचं टोक वितळवलं की आपोआप मणी होतो, तोच तोडून बेचक्यात बसवा. एवढ्या दोन गोष्टींनी निम्मी फांदी जिवंत होते. बाकी निम्मं त्या त्या झाडावर. पिंपळाचा देठ लांब आणि बारीक, म्हणून पान लोंबतं आणि वाऱ्याला थरथरतं. १.२ मि.मी.ची तार ७-८ सें.मी. लांब ठेवा, पान खरोखर हलेल. आंब्याचा देठ आखूड, पानं फांदीच्या शेंड्याशी गर्दी करतात आणि टोकाकडची कोवळी पानं खाली मान टाकून असतात. सगळी पानं एका मापाची कापून ठेवणं हा कारखाना झाला. शेंड्याकडे लहान, खाली मोठी, आणि एखादं दुमडलेलं.

प्रश्न : खऱ्या पानावर तांबं चढवायचा प्रयोग केला. जुन्या चार्जरवर तासाभरात पान तपकिरी भुकटीने माखलं, कडेला मोहरीसारखे दाणे आले. (नाशिक)

उत्तर : वीज फार झाली. भुकटी आणि दाणे दोन्ही त्याचीच लक्षणं. चार्जर बाजूला ठेवा आणि अँपिअर कमी-जास्त करता येईल असा पॉवर सप्लाय घ्या.

हिशोब असा. ८ बाय १० सें.मी.च्या पानाच्या दोन्ही बाजू मिळून साधारण १०० चौरस सें.मी. होतात. एवढ्याला १ अँपिअर योग्य. त्यात तासाला सुमारे १३ मायक्रॉन थर चढतो, म्हणजे हातात धरण्याजोगं ०.३ मि.मी.चं पान व्हायला २३ तास. घाई करून चालत नाही. जाडी मोजायची सोपी युक्ती म्हणजे वजन. प्रत्येक अँपिअर-तासाला १.२ ग्रॅमच्या थोडं आत तांबं बसतं. पान २७ ग्रॅमने जड झालं की काम झालं. पहिले दोन तास मात्र पाव अँपिअरवरच चालवा. सगळं पान गुलाबी झाकलं गेलं की मग वाढवा.

पाच लिटर द्रावणाला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि दीडशे मि.लि. तीव्र गंधकाम्ल, बाकी डिस्टिल्ड पाणी. पाण्यात ॲसिड हळूहळू घालायचं. उलट केलं तर उकळून अंगावर येतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. नाशिककरांकडे द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद पोत्याने असतं, पण ते इथे नको. त्यात लोह व इतर मळ असू शकतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या.

दाणे कडेलाच का? वीज टोकं आणि कडा शोधत जाते. पानाभोवती ३-४ सें.मी. अंतरावर तांब्याच्या तारेचं कडं धरा आणि तेही पानाच्याच टोकाला, म्हणजे ऋण बाजूला जोडा. जास्तीची वीज ते खातं, दाणे त्याच्यावर येतात. तांब्याच्या दोन पट्ट्या धन बाजूला जोडून पानाच्या दोन्ही बाजूंना, १५ सें.मी. दूर, सुती कापडाच्या पिशवीत टांगा, म्हणजे त्यांतून सुटणारा गाळ पानावर बसत नाही. द्रावण हलवायला माशांच्या टाकीचा पंप पुरतो.

पान मात्र पूर्ण वाळलेलं हवं. ताज्या पानातलं पाणी आत कोंडतं, पान आकसतं आणि थराखाली पोकळी होते. वाळलेल्या पानाला लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या, वर ग्राफाइटचा किंवा चांदीचा वीजवाहक रंग. देठापासून टोकापर्यंत मल्टिमीटर लावून पाहा. जिथे काटा हलत नाही तिथे तांबंही येणार नाही. वहीत जपलेलं पिंपळाचं जाळीचं पान यासाठी फार सुंदर, पण ०.१ मि.मी.लाच थांबवा. पुढे गेलं की जाळीची भोकं बुजतात.

प्रश्न : पितळेच्या कमळाला अमोनियाच्या वाफेत हिरवा रंग दिला. रंग छान आला, पण आठवड्याभरात दोन पाकळ्या कुणी हात न लावता चिरल्या. (सोलापूर)

उत्तर : हा दोष जुना आहे, आणि त्याचा शोध लागला तो आपल्याच देशात. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत असत. ऋतूवरून या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ हेच नाव पडलं. दारूगोळा तबेल्यांजवळ साठवलेला असे. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया, हवेतली ओल आणि ठोकून आकार दिलेल्या पितळेत कोंडलेला ताण या तिघांचं ते काम होतं. नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. तुमच्या पाकळीत तिन्ही गोष्टी हजर आहेत : ठोकून खोलगट केलेलं पितळ, अमोनिया, बंद डब्यातली ओल.

पितळ असेल तर शेवटचा आकार दिल्यावर ओव्हनमध्ये २५० ते ३०० अंशांवर तासभर ठेवून ताण काढा, आणि तरीही अमोनिया टाळलेला बरा. हिरव्यासाठी तांबंच वापरा. शुद्ध तांब्याला हा धोका फारच कमी.

तांब्याची कृती : पान साबणाने धुऊन तेलकटपणा पूर्ण काढा, बोटही लावू नका. कपभर पाण्यात चमचाभर मीठ घालून ते पानावर फवारा. झाकणाच्या २० लिटर बादलीच्या तळाशी वाटीत १०० मि.लि. अमोनिया ठेवा, पान दोऱ्याने वर टांगा, झाकण लावा. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. १२ ते २४ तासांत निळसर हिरवा येतो. पोपटी झाक हवी तर अमोनियाऐवजी व्हिनेगर, मीठ आणि कल्हईवाल्याचा नवसागर एकत्र करून पातळ हात द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. फवारा थेंबाथेंबाने जमला की ठिपके पडतात आणि ओघळला की रेघा. ब्लीच जवळपासही नको, अमोनियाशी त्याचा विषारी वायू होतो.

रंग लगेच पुसू नका. दोन दिवस वाळू द्या, मग मेण. मेणाखाली रंग एक छटा गडद होतो, तेव्हा आधी एका तुकड्यावर करून पाहावं. काळपट तपकिरी हवा असेल तर रसायनही नको : गरम उकडलेलं अंडं कुस्करून पानासोबत घट्ट डब्यात ठेवा. बलकातून निघणारा गंधकाचा वायू अर्ध्या तासात काम सुरू करतो. शिरांच्या खाचांत काळं ठेवून वरचा भाग भांडी घासायच्या बारीक स्क्रबरने उजळला की तासाभराची मेहनत दिवसाभराची वाटते.

प्रश्न : समुद्राजवळ अंगणात लोखंडी खोडाचं, तांब्याच्या पानांचं झाड उभं केलंय. एका पावसाळ्यात पानांजवळचं लोखंड खाऊन गेलं, पानांवर फिकट हिरवी पूड आहे. (रत्नागिरी)

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. लोखंड आणि तांबं ओल्या मिठात एकत्र आले की त्यांची बॅटरी होते आणि झिजतं ते लोखंड. तांब्याचा पसारा जितका मोठा आणि उघडं लोखंड जितकं कमी, तितकं ते झपाट्याने खातं. म्हणून नुसत्या लोखंडाला रंग देऊन भागत नाही. रंगाला एक ओरखडा गेला की सगळा मारा त्या ओरखड्यावर होतो. देठाशी नायलॉनचे वॉशर घाला, रंग दोन्ही धातूंना द्या. नवं करणार असाल तर खोड तांब्याच्या नळीचं किंवा ३१६ जातीच्या स्टीलचं करा. त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ जातीत ते नसतं, आणि खाऱ्या हवेत तेवढ्याने फरक पडतो.

पुडीचं असं. घट्ट बसलेला हिरवा थर तांब्याचं कवच असतो. नखाने निघणारी फिकट पूड मात्र आत अडकलेल्या क्लोराइडमुळे येते. ओल मिळाली की ते पुन्हा पुन्हा धातू खातं. मीठ लावून रंगवलेल्या पानात हे बी तुम्हीच पेरलेलं असतं. पूड ब्रशने काढा, पान डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आठ-दहा दिवस. नीट वाळवा, हाताला चटका बसेल इतपत गरम करा आणि मेण लावा : एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग टर्पेंटाइन, आचेपासून लांब, गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवलेलं. कोकणात हा हात दरवर्षी वैशाखात द्यायचा, पाऊस यायच्या आत.

प्रश्न : जास्वंद केली. पाकळ्या छान आहेत, तरी फूल देखाव्यातलं वाटतं. (सांगली)

उत्तर : पाकळ्या दोन्ही बाजूंना सारख्या कापल्या असाव्यात. जास्वंदीची पाकळी एका अंगाला जास्त फुगलेली असते, आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही एकाच दिशेने. म्हणून साचा एकच, पण तिरपा. जोडताना पाचवीची एक कड पहिलीखाली सरकवावी लागते, तेव्हा पहिली अर्धवटच पक्की करा, नाहीतर पाचवी शिरणार नाही.

मधला दांडा हे फुलाचं खरं ठिकाण. पुंकेसर एकमेकांत जुळून त्याची नळी झालेली असते आणि टोकाला पाच वेगळ्या गाठी असतात. ३ मि.मी.ची तांब्याची नळी घ्या, वरच्या अर्ध्या भागात अर्ध्या मिलिमीटरची भोकं पाडा, त्यांत टोकं वितळवून मणी केलेल्या ०.४ मि.मी.च्या तारा बसवा. पंचवीस-तीस पुरेत. दांडा सरळ ठेवू नका. आणि फुलाच्या पाठीमागे हिरव्या निदलांखाली बारीक दलांचं आणखी एक वर्तुळ असतं, ते बहुतेकजण विसरतात.

प्रश्न : खरं पान ओतकामात उतरतं का? (जळगाव)

उत्तर : उतरतं, आणि ही कला जुनी आहे. न्यूरेंबर्गचे सोनार व्हेन्झेल याम्निट्झर यांनी १५४९ साली केलेलं मेजावरचं चांदीचं शिल्प ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. त्यातली गवतं आणि फुलं खऱ्या रोपांवरून ओतलेली आहेत. रोप साच्यात पुरायचं, जाळायचं, राख काढायची आणि त्या पोकळीत धातू ओतायचा.

अडचण जाडीची. नुसतं पान इतकं पातळ असतं की धातू टोकापर्यंत पोचायच्या आत गोठतो. पाठीमागून वितळलेल्या मेणाचे हात देऊन ते पाऊण ते एक मि.मी. करा. साचा हळूहळू ७०० अंशांपर्यंत न्या आणि तिथे काही तास ठेवा. राख राहिली की पृष्ठभागावर खड्डे पडतात. जिप्समचा साचा ७५० च्या वर नेऊ नका, त्यातून गंधक सुटून धातू बिघडतो. पानापेक्षा बिया, बोंडं, काटेरी फळं, सुरूची बोंडं यांना हे तंत्र जास्त लाभतं.

प्रश्न : गणपतीची चांदीची जास्वंद आणि दुर्वा काळ्या पडल्यात. (ठाणे)

उत्तर : भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, लिटरभर कढत पाणी, एक मोठा चमचा खायचा सोडा, थोडं मीठ. फूल फॉइलला टेकलेलं हवं. दोन-तीन मिनिटांत काळं जातं. मीनाकारी किंवा मोती असतील तर हे करू नका, आणि सोनाराने शिरांत मुद्दाम ठेवलेलं काळं असेल तरीही नाही. तेही निघून जाईल.

प्रश्न : कला महाविद्यालयात पंधरा फुटी स्टीलचं झाड करायचं आहे. फांद्यांच्या नळ्या कोणत्या मापाच्या घ्याव्यात? (नागपूर)

उत्तर : पाहण्याजोगी दोन झाडं आधी सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुबोध गुप्तांचा ‘दादा’ हा स्टीलचा वड, ज्याला पानांऐवजी भांडी लागली आहेत. आणि रॉक्सी पेन या अमेरिकन शिल्पकाराने २००९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या गच्चीवर नळ्या आणि सळयांतून उभं केलेलं ‘मेलस्ट्रॉम’. पेनच्या कामात एकही पान नाही, तरी झाड ओळखू येतं. सगळी मदार फांदी कशी बारीक होत जाते त्यावर आहे.

त्यासाठी लिओनार्दो दा विंचीने नोंदवलेला नियम वापरा : खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ आणि त्यातून फुटलेल्या फांद्यांच्या छेदांच्या क्षेत्रफळांची बेरीज सारखी. १०० मि.मी. व्यासाच्या खोडातून दोन सारख्या फांद्या निघाल्या तर प्रत्येकी ७० मि.मी., तीन निघाल्या तर ५८. एक जाड आणि एक बारीक हवी तर ९० आणि ४४. बाजारात नेमकं माप मिळणार नाही, जवळचं घ्या. पण १०० तून थेट २५ ची फांदी काढली की डोळा लगेच अडतो, तो खांबाला लावलेला हात वाटतो. बेचक्यात नळी माशाच्या तोंडासारखी कापून बसवा आणि जोड घासून गोलसर करा. पंधरा फुटांवर वाऱ्याचा जोर असतो, म्हणून पाया आणि तळाची प्लेट स्ट्रक्चरल इंजिनियरकडून काढून घ्या. यात अंदाज नको.

प्रश्न : पान करताना जस्ताची तार तापवली, रात्री थंडी वाजून ताप आला. काही संबंध? (अहिल्यानगर)

उत्तर : दाट शक्यता आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर फुप्फुसात गेला की काही तासांनी हिवतापासारखी थंडी आणि ताप येतो. तो बहुधा दिवसाभरात उतरतो, पण श्वास लागत असेल तर डॉक्टरांना धुराबद्दल सांगूनच दाखवा. जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार टॉर्चखाली घेऊच नका, साधी काळी तार किंवा तांब्याची घ्या. पितळ झाळतानाही पांढरा धूर दिसू लागला की आच जास्त झाली असं समजा.

प्रश्न : मोरचुदाचं जुनं द्रावण मोरीत ओतलं तर चालेल का? (नाशिक, दुसरं पत्र)

उत्तर : नाही. तांबं मासे आणि शेवाळाला फार थोड्या प्रमाणातही घातक आहे. शिवाय ॲसिड लोखंडी पाइपही खातं. मुळात हे द्रावण लवकर टाकावं लागत नाही. गाळून, पाणी भरून वर्षानुवर्षं चालतं. टाकायचंच झालं तर मोठ्या बादलीत धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने घाला. भरपूर फेस येतो, म्हणून बादली निम्मीच भरा. फेस थांबला की निळसर हिरवा साका तळाशी बसतो. वरचं पाणी रंगहीन होईपर्यंत सोडा घालत राहा. साका कापडातून गाळून वाळवा, बंद डब्यात ठेवा, डब्यावर नाव लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. कुंडीतल्या झाडांना घालू नका.